मालूताई, नाव एकच द्यायचं आहे

मालूताई,

काल शनिवारी दोन्ही पाट्या माझ्याच मांडीवर होत्या. एक तुमची, जिच्या लाकडी चौकटीवर तुम्ही ‘कसब’ असं लिहून घेतलं होतं, आणि एक माझी, ‘रूप’. शिपाई रामलालने सवयीने फरशीच्या कडेला दोन खुर्च्या मांडल्या. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो दुसरी उचलायला वाकला. मी म्हटलं, राहू दे. सरोजने पायांतल्या स्केट्सचे पट्टे आवळले, मीनाने वेणी वर बांधली, आणि दोघी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, जणू मला यातलं सगळं कळतं.

तुम्हाला ठाऊक आहे की मला कळत नाही. निदान अर्धं तरी कळत नाही. ते अर्धं तुम्ही बघत होता.

लोक मला सांगतात की आपल्या मराठी समाजाच्या अंकासाठी मालूताईंवर काहीतरी लिही, त्यांचं शिक्षण, त्यांची नोकरी, त्यांना मिळालेले मान. ते लिहायला दुसरं कोणी मिळेल. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण उद्या सोमवार आहे आणि उद्या मला नाव द्यायचं आहे. डोंगरावरच्या त्या गावात स्केटिंगचं शिबिर आहे, परदेशात शिकून आलेल्या बाई तिथे शिकवणार, मुलीचं राहणं आणि शाळा तिथेच. भोपाळच्या कार्यालयाने आपल्या शाळेकडून एकच नाव मागितलं आहे. तुमचं तेरावं झालं आणि मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, आता तुम्हीच काय ते ठरवा. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. जेवताना घास हातात राहतो. वर्गात भूगोल शिकवताना मध्येच थांबते आणि मुली एकमेकींकडे बघतात.

मी बडवाहच्या शाळेत शिकलेली मुलगी. वडील रेल्वेत सांधेवाले. चाक म्हणजे गाडीचं आणि ते रुळांवर चालतं, एवढंच मला माहीत. पदवी घेऊन मी या शाळेत शिकवायला आले, तेव्हा आमच्या घरात कागदावर सही करणारी मी पहिलीच होते, आणि पहिल्या दिवशी शाळेच्या मागे जाऊन बघते तर साडीचा काष्टा घातलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई पायांना चाकं बांधून, तोंडात शिटी धरून फरशीवर उलटी, पाठमोरी, गोल फिरते आहे. मला वाटलं, या बाईला वेड लागलं आहे. तुम्ही माझ्यासमोर येऊन थांबलात, शिटी काढलीत आणि विचारलंत, “नवीन का? जेवलीस का?” मग जुनी इंदूरच्या तुमच्या घरात मला राहायला खोली दिलीत, आणि भाड्याचा विषय काढला की म्हणायचात, “चल, ज्यादा शहाणी नको बनू.”

महूच्या क्लबात लहानपणी लाकडी फरशीवर तुम्ही हे शिकला होता. वडील होळकरांच्या रिसाल्यात, त्यामुळे तिथे येणंजाणं. राज्य गेलं, मग इंदूरची राजधानीही भोपाळला गेली, आणि त्याबद्दल तुम्ही भोपाळला कधी माफ केलं नाहीत. पण चाकं मात्र तुमच्याजवळ राहिली. मला त्यांच्यावर उभं करायचा तुम्ही पुष्कळ प्रयत्न केलात. मी भिंत सोडली नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, ठीक आहे, तू खुर्चीत बस आणि बघ, बघणारंही कोणी लागतं. माझ्यासारख्या मुलीला असं कोणी तोवर म्हटलं नव्हतं, की तुझं बघणं कामाचं आहे.

आपलं भांडण कधी सुरू झालं ते तुम्हालाही आठवत असेल. टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी बातम्यांची फिल्म लागायची. त्यात एकदा परदेशातल्या बर्फावरच्या स्पर्धेचा तुकडा दाखवला. दोन बाया. तुम्ही अंधारात माझं मनगट धरलंत, इतकं घट्ट की बांगडी रुतली. पहिली आली ती वेगात, पाठमोरी होऊन एका पायावर क्षणभर टेकली, हवेत गेली, फिरली, आणि त्याच वेगात उलटी, एका पायावर उतरली. दुसरा पाय मागे सरळ, चेहरा जसाच्या तसा. दुसरी आली तिने उड्या कमी मारल्या आणि त्या उंचही नव्हत्या. पण तिचा हात खांद्यातून निघायचा नाही, पाठीतून निघायचा. ती मागे वाकून फिरायला लागली तेव्हा एक गोष्ट कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, हे मला सांगता आलं नसतं. मग पाटीवर आकडे आले आणि पहिली जिंकली.

मी म्हटलं, हा अन्याय आहे. तुम्ही म्हणालात, फालतू बात नको करू, तुझी ती हरलेली उतरताना दुसरा पाय टेकवते. मी म्हटलं, नाही टेकवत. तेवढ्यासाठी आपण दुसऱ्या दिवशी मॅटिनीची तिकिटं काढून पुन्हा गेलो. ती टेकवत होती, हलकेच, पण टेकवत होती. मी म्हटलं, मग काय झालं? त्यावर तुम्ही पिक्चर सुरू होताच उठलात आणि मीही तुमच्या मागे बाहेर आले. तिसऱ्यांदा असंच झालं तेव्हा दारावरचा माणूस काळजीने म्हणाला, बहनजी, हीरो तर अजून आलाही नाही. तुम्ही म्हणालात, “हमारी हीरोइन तो गिरकी मार के चली गई, भिया.”

त्यांची खरी नावं आपल्याला कधी नीट म्हणता आली नाहीत. तुमची ती, उड्या मोजून मारणारी, ‘इंजिनीअर’ आणि माझी ती, पाठीतून हात उचलणारी, ‘सतारवाली’. घरात आमटी ढवळतानाही आपण त्यांच्याबद्दल अशा बोलायचो की शेजारणीला वाटायचं, ह्या दोघी आपल्या नात्यातल्या कुठल्या तरी जावाजावांची उणीदुणी काढत आहेत. तुमचं म्हणणं साधं होतं. उडी आली नाही तर भाव कशाचा? आमच्या घरात घोड्यावरची मांड आधी बघत आणि फेटा नंतर, असं तुम्ही सांगायचात. माझं म्हणणं मला तेव्हा नीट मांडता यायचं नाही. मी एवढंच म्हणायचे, की तुमच्या इंजिनीअरबाईंना मी बघते तेव्हा त्या पडतील का याची काळजी वाटत राहते, आणि सतारवालीला बघते तेव्हा ती पडेल हे मी विसरते. “तेच तर,” तुम्ही म्हणायचात, “ती तुला विसरायला लावते आणि पाय टेकवते.”

मग वाचनालयात एका इंग्रजी साप्ताहिकात तुम्हाला एक लेख सापडला आणि तुम्ही तो मला दोनदा वाचून दाखवायला लावलात, कारण इंग्रजी माझं बरं. त्यात लिहिलं होतं की फिल्ममध्ये दिसतं ते नाचणं आणि उड्या या स्पर्धेचा अर्ध्याहून कमी भाग असतात. त्याआधी प्रत्येकीला बर्फावर एका पायाने आकृत्या काढाव्या लागतात. इंग्रजी आठाचा आकडा, मग त्याच रेघेवरून पुन्हा, मग पुन्हा. संगीत नाही, टाळ्या नाहीत, बघायला माणूसही फारसा नाही. परीक्षक वाकून, कधी गुडघ्यांवर बसून, बर्फावर उमटलेली रेघ बघतात आणि अर्ध्याहून जास्त गुण त्या रेघांना असतात.

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तसा. मी विचारलं, जे कोणी बघत नाही त्याला इतके गुण? तुम्ही म्हणालात, ज्याला बघायचं आहे तो वाकून बघतो.

आपल्या फरशीवर रेघ उमटणार कशी? तुम्ही रांगोळी आणलीत आणि चाळणीने सगळ्या फरशीवर पसरलीत. रेघा सुरेख उमटल्या. रेल्वेच्या रुळांसारख्या जोड रेघा, मला तर घरी गेल्यासारखं वाटलं. दोन दिवसांत सगळ्या चाकांमधले बेअरिंगचे छर्रे रांगोळीच्या खड्यांनी जाम झाले. मग टांगा करून आपण सांवेर रोडच्या एका लेथवाल्याकडे पिशवीभर चाकं घेऊन गेलो. त्याने एक उघडून हातावर झटकलं आणि म्हणाला, “बहनजी, इसमें तो आपने पूरी दिवाली भर दी.” तुम्ही त्याच्यावर रागावलात आणि टांग्यात बसल्यावर डोळ्यांत पाणी येईतो हसलात.

त्यानंतर खडूची पूड. प्रत्येक वर्गातल्या फळ्याखाली साचलेली, डस्टरमधून झटकलेली पूड मुलींनी डब्यात गोळा करायची, हा आपल्या शाळेचा नियमच झाला. गणिताचे सर तक्रार करायचे की मुली त्यांच्याकडून मुद्दाम लांबलचक गणितं करून घेतात. शनिवारी फडक्यातून ती पूड फरशीवर गाळायची, मुली एकेक करून आठ काढणार, आणि तुम्ही पदर खोचून गुडघ्यांवर बसणार. मग नाच आणि उड्या. मग आपण एकमेकींकडे पाठ करून आपापल्या पाटीवर गुण लिहायचे आणि एकदम पालथ्या पाट्या सुलट्या करायच्या. एकमत क्वचितच झालं. तुमच्या पाटीवर सरोज पुढे, माझ्या पाटीवर मीना. मुलींना हे इतकं पाठ झालं होतं की पाट्या उलटण्याआधीच त्या हसायच्या.

सरोजचे वडील मिलमध्ये कताई खात्यात आहेत. ती बोलत नाही, हसत नाही, तिची मान ताठ आणि हात बाजूला लाकडासारखे. पण तिचा आठ तिसऱ्या फेरीलाही पहिल्या रेघेवरून जातो. मीना बांगड्यांच्या दुकानदाराची मुलगी. दुकानात रेडिओ चालू असतो त्यामुळे की काय, गाणं तिच्या अंगात आधी पोचतं आणि कानात नंतर. ती हात उचलते आणि खिडक्यांत पोरींची गर्दी होते. पण तिची उडी हवेत पुरी होत नाही, उरलेली अर्धी गिरकी ती फरशीवर उतरून चोरते. तुम्ही किती वेळा तिला सगळ्यांसमोर म्हणालात, “मीना, ही फरशी आहे, आरसा नाही.” ती मान खाली घालायची. मला वाईट वाटायचं आणि त्या आठवड्यात मी तिला एक गुण जास्त द्यायचे. तुम्हाला हे मालूम होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत.

तुम्ही दवाखान्यात होता तेव्हाची ती दुपार आता माझ्या डोक्यातून जात नाही.

शिबिराची बातमी नुकतीच आली होती. मी येताना मनाशी ठरवून आले होते की आज हार मानायची. तुमची तब्येत बघून असेल. पण तेवढ्यासाठीच नाही. गेले काही महिने मी तुमच्या शेजारी बसून सरोजचा आठ बघत होते आणि तो मला हळूहळू दिसायला लागला होता. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं, मालूताई, तुमचं खरं, सरोजच जायला हवी.

तुम्ही उशीवरून मान वळवलीत, आणि तुमच्या डोळ्यांत तो जुना राग आला.

“पागल झालीस का? मीनाला पाठव.”

मला वाटलं, ताप आहे. पण तुम्ही शुद्धीवर होता. “उडी काय, मी कोणालाही शिकवीन गं. पट्टा आवळता येतो त्या पोरीला शिकवीन. पण ती हात उचलते ना, ते मला आजवर कोणाला शिकवता आलं नाही. मला स्वतःला नाही आलं. ते घेऊनच आलीय ती. तिथे तिची उडी दुरुस्त करतील.”

मी विचारलं, आणि सरोज?

“सरोजला मी इथे तयार करीन. पुढच्या खेपेला ती. मी आहे ना.”

मग तुम्ही मला दटावलंत की मीनाला यातलं एक अक्षर सांगायचं नाही, डोक्यात हवा जाईल तिच्या. मी म्हटलं, पण इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी भांडलात ते काय होतं? तुम्ही म्हणालात, तू पण तर भांडलीस, मग आज सरोज सरोज काय लावलंयस? आपण दोघी हसलो. बाजू बदलून पुन्हा भांडायला लागलो होतो, तेवढ्यात नर्स आली आणि भेटीची वेळ संपली म्हणाली. तुम्ही हात हलवून म्हणालात, उद्या ये, भांडू.

मी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुम्ही नव्हता.

आता सांगा, मी काय करायचं? तुमचा शेवटचा शब्द मीना आहे. तुमची इतक्या वर्षांची शिकवण सरोज आहे. सरोजचं नाव दिलं तर तुमचा शब्द मोडते, मीनाचं दिलं तर तुम्ही मला जे बघायला शिकवलं ते मोडते. आणि प्रत्येक वेळी मी इथे येऊन थांबते की तुमच्या निर्णयाचे दोन भाग होते. मीना जाईल, आणि सरोजला मी तयार करीन. त्यातला दुसरा भाग तुम्ही सोबत घेऊन गेलात. मी तर भिंत धरून उभी राहणारी बाई. सरोजला कोण तयार करणार? पण मग लगेच मनात येतं की मीनाची उडी तरी इथे कोण सुधारणार? तिला तर टाळ्याच मिळत राहतील, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली. अशी मी दिवसभर एकीकडून दुसरीकडे जाते. भाजी घेताना भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, बाई, तुम्ही स्वतःशी काय बोलून राहिलात?

कालच्या चाचणीत मीना आधी आली. काय सांगू तुम्हाला. तुमच्या जाण्यानंतर ती पहिल्यांदाच फरशीवर उतरत होती, आणि खिडक्यांत नेहमीसारख्या पोरी होत्या, पण एकीनेही आवाज केला नाही. तिने हात उचलला. रूपाच्या पाटीवर मी डोळे मिटून गुण लिहिले असते. मग ती उडी. मला दिसलंच नाही. खरंच दिसलं नाही, पुरी झाली की अर्धी. तुम्ही असता तर माझ्याकडे न बघता कोपराने ढोसलं असतंत.

मग मी उठले. पदर खोचला, आणि सगळ्या शाळेसमोर त्या खडूच्या पुडीत गुडघे टेकून बसले. कोणीतरी खिडकीत खुदकन हसलं. ती जिथे उतरली तिथे रेघ स्वच्छ सुरू व्हायला हवी होती, तिथे विळ्यासारखी वळलेली फरफट होती. अर्धी गिरकी, फरशीवर. मला ती दिसली, आणि दिसल्याचा आनंद होण्याऐवजी भीती वाटली. ती फरफट खरंच होती, की तुम्ही गेली कित्येक वर्षं ती तिथे असते असं सांगितलं म्हणून मला दिसली? विचारायला बाजूची खुर्ची रिकामी होती.

सरोज आली. तिचा आठ नेहमीसारखा. तिन्ही फेऱ्या एका रेघेत, मला तरी एकच रेघ दिसत होती. मी कसबाच्या पाटीवर पूर्ण गुण लिहायला खडू टेकवला. सरोज जागेवर परत गेली नाही. ती वळली, वाकली आणि आपलीच रेघ बघायला लागली, तुम्ही बघायचात तशी, मान तिरकी करून. मग मला म्हणाली, “बाई, इथं माझं चाक बाहेर गेलं होतं. हे बघा. तिसऱ्या फेरीला.”

मी बघितलं. होतं. बोटभर. तिने सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं, आणि मला कळणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिचा आवाज अगदी साधा होता. मालूताई, हे तुम्ही तिला शिकवलंत का? तुम्ही मुलींना रेघ काढायला शिकवलीत. आपलीच चूक बघणाऱ्याला स्वतःहून दाखवायची, आणि तीही निवडीच्या दिवशी, हे तुम्ही कधी शिकवल्याचं मला आठवत नाही. तुम्ही म्हणाला होतात की जे शिकवता येत नाही ते घेऊन आलेली मुलगी पाठव. मी तुमचंच माप लावते आहे. तुम्हाला ते मीनाच्या हातात दिसलं. मला ते काल त्या वाकलेल्या पोरीत दिसलं.

हे मला पटलं आहे आणि तरीही मीना डोळ्यांसमोरून हलत नाही, कारण चाचणीनंतर मुली गेल्या आणि मीना एकटी मागे राहून झाडू घेऊन फरशी झाडत होती. मी म्हटलं, राहू दे, रामलाल करील. ती झाडतच राहिली. म्हणाली, “बाई, मला मालूम आहे सरोजच जाणार. मालूताई असत्या तरी तीच गेली असती. त्यांना मी कधी आवडलेच नाही.”

मी पुडीचा डबा तिच्यापुढे सरकवला. तुम्ही सांगू नको म्हणाला होतात. तिने पूड डब्यात भरली, झाकण लावलं आणि घरी गेली.

इथपर्यंत लिहिलं आणि पुढे लिहवेना. वही मिटली, चपला घातल्या आणि मीनाकडे जाऊन आले.

रविवार म्हणून दुकान अर्धं बंद होतं. वडील गिऱ्हाईकाला बांगड्या चढवत होते, त्यांनी मानेनेच आत जा म्हटलं. आई स्वयंपाकघरात. मीना ओटीवर बसून हिरव्या बांगड्यांचे जोड लावत होती. मला बघून उठली नाही, फक्त सरकून जागा केली. मी तिला आधी सांगितलं की उद्या मी सरोजचं नाव देणार आहे. तिने मान हलवली, जणू हे तर झालेलंच आहे. तिच्या हातातलं काम थांबलं नाही. मग मी तिला दवाखान्यातलं सांगितलं, तुमच्या शब्दांत, जसंच्या तसं. तुमचा हुकूम मोडून.

तिचे हात थांबले.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. ती हात उचलते ना, ते मला आजवर कोणाला शिकवता आलं नाही. मला स्वतःला नाही आलं.

“असंच म्हणाल्या? ‘मला नाही आलं’ असं?”

मी म्हटलं, अगदी असंच. मी वाट बघत होते की आता ती विचारेल, मग तुम्ही त्यांचं का ऐकत नाही? त्या प्रश्नाची मी येताना वाटभर तयारी केली होती. सरोजची रेघ, तुमचं ‘मी आहे ना’, फरशीवरची फरफट, सगळं सांगायचं ठरवलं होतं. मीनाने काही विचारलं नाही. बांगड्यांचे जोड ओटीवर तसेच टाकून ती उठली, आत गेली, आणि मला तिचा आवाज ऐकू आला, “आई, ऐक ना. मालूताईंनी माझं नाव घेतलं होतं.”

आई काय म्हणाली ते कळलं नाही. कढईवर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मी थोडा वेळ ओटीवर बसले आणि मग कोणाला न सांगता निघाले. तिला बरं वाटावं म्हणून मी हे केलं, की मला हलकं वाटावं म्हणून? तुम्ही असता तर म्हणाला असता, ते बघ आधी. मी रस्ताभर तेच बघत आले आणि मला ते ठरवता आलं नाही. उद्या तिच्या डोक्यात हवा गेली, तर तीही माझीच करणी. तिने आशा धरून ती पुन्हा मोडली, तर तेही.

सोमवार.

सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या कामात होत्या, त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी सरोजचं नाव सांगितलं. त्यांनी कागद पुढे ओढला, मग पेन वर धरून विचारलं, “नक्की ना, विमलबाई? मालूताईंनाही हेच वाटलं असतं?”

मी खरं सांगितलं. म्हटलं, नाही, त्या दुसरं नाव म्हणाल्या होत्या. हे माझं मत आहे.

त्यांचं पेन तसंच वर होतं. मी माझ्याही नकळत डावीकडे मान वळवली, जिकडे तुम्ही बसता. तिथे कपाट होतं.

“लिहा,” मी म्हटलं.